वाईनच्या दोन बाटल्या आल्यात, स्वयंपाकात कशी वापरू?

लातूरकरीण

नमस्कार मंडळी. माझा दीर नाशकात नोकरीला आहे. या वेळी येताना दोन बाटल्या घेऊन आला. एक लाल आहे, शिराझ. दुसरी पांढरी, तिच्यावर लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ लिहिलंय. आमच्या घरात कुणी पीत नाही. दीर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला स्वयंपाकाची हौस आहे, तर याचं काहीतरी करा." मला खरंच करून बघायचंय.

येत्या रविवारी शेतात हुरडा आहे. दिराचे पाच-सहा मित्र पुण्याहून येणार आहेत. दुपारी हुरडा, संध्याकाळी मटण आणि काहीतरी गोड असा बेत आहे. मटण आमच्याकडे मागच्या अंगणात चुलीवर, पितळी पातेल्यात होतं. काळा मसाला आणि येसर घालून रस्सा करते मी. त्यात लाल वाईन चालेल का? आणि गोडात कशात घालू, खिरीत, शिऱ्यात? सीताफळाचा गर फ्रीजरमध्ये ठेवलेला आहे, त्याचं काही होईल का?

अजून एक, आणि हे जास्त महत्त्वाचं. सासूबाई माळकरी आहेत. मटणाचा प्रश्नच नाही, पण गोड त्या खातील. लेकरू सात वर्षांचं आहे. सगळे म्हणायलेत की शिजवल्यावर दारू उडून जाते. खरंय का हे? मला कुणाला फसवून खाऊ घालायचं नाही.

गंगाखेडकर

ताई, काही काळजी करू नका. एक उकळी आली की अल्कोहोल सगळं उडून जातं, मागं नुसती चव राहते. रश्श्यात ग्लासभर घाला, कुकरचं झाकण लावा, चार शिट्ट्या काढा. मटण लोण्यासारखं होतं.

आचारी_सिडको

ताई, वरचं उत्तर वाचलं आणि राहवलं नाही. कुकरचं झाकण लावलं तर अल्कोहोल जायला फारशी वाट राहत नाही.

मी बरीच वर्षं नाशिकला हॉटेलच्या किचनमध्ये काढली, आता संभाजीनगरात लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेतो. वाईन घालून शिजवणं हे माझं रोजचं काम होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो. अल्कोहोल साधारण ७८ अंशांना उकळतं आणि पाणी १०० अंशांना. म्हणून लोकांना वाटतं की उकळी फुटली की अल्कोहोल आधी निघून जाणार. पण पातेल्यात ही दोन्ही एकजीव झालेली असतात, वाफेतून दोन्ही मिळून जातात. अल्कोहोल हळूहळू कमी होतं, पूर्ण संपत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात याचे आकडे आहेत. वाईन पदार्थात मिसळून १५ मिनिटं शिजवली तर ४० टक्के अल्कोहोल उरतं, अर्ध्या तासानं ३५, तासाभरानं २५, दीड तासानं २०, दोन तासांनी १० आणि अडीच तासांनी ५ टक्के. उकळत्या रश्श्यात ओतून लगेच गॅस बंद केला तर ८५ टक्के तिथंच राहतं. वरून काडी लावून जाळ करतात ना, ते बघायला भारी वाटतं, पण त्यातही ७५ टक्के उरतं. पातेलं किती पसरट आणि झाकण आहे का नाही, यानंही फरक पडतो.

आता हिशोब करू. एक किलो मटणाला १५० मिली वाईन पुरते. वाईनमध्ये साधारण १३ टक्के अल्कोहोल धरलं तर ते झालं २० मिली. दीड तास उघड्यावर शिजवल्यावर सगळ्या पातेल्यात मिळून ४ मिली राहील, म्हणजे लहान चमचाभरही नाही. सहा जणांत ते काहीच नाही. पण ज्यानं माळ घातलीय किंवा ज्याच्या धर्मात हे वर्ज्य आहे, त्याच्यासाठी प्रश्न मिलीचा नसतोच. त्यांना आधी सांगायचं आणि त्यांचं वेगळं करायचं, इतकं हे सरळ आहे. लेकराचंही वाईन घालायच्या आधीच बाजूला काढा.

पाहुण्यांत कुणी दारू सोडलेला असेल तर त्याला आवर्जून विचारा. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या देतात. त्या चालू असताना जेवणातलं थोडंसं अल्कोहोलही पोटात गेलं तरी तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात. माणूस एवढ्या कष्टानं बाहेर आलेला असतो, आपल्या ताटामुळं त्याला त्रास व्हायला नको. चारचौघांत विचारू नका, दिराला फोन करून विचारायला सांगा.

आता मटण. काळ्या मसाल्याच्या रश्श्यात वाईन घालू नका. येसर, दगडफूल, खोबरं, तिखट एवढं सगळं असलं की शिराझचा मागमूसही लागत नाही, आणि रस्सा उगाच तुरट होतो. रस्सा तुमच्या हातचा आहे तसाच राहू द्या. वाईनसाठी सुकं, कमी मसाल्याचं मटण करा.

वाईन ही आपल्या चिंचेसारखी समजायची, म्हणजे ते पदार्थातलं आंबट आहे. एवढं डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं. वाईन घातली की टोमॅटो, दही, चिंच घालायची नाही. आंबटात कांदा लवकर मऊ होत नाही, बटाटा आणि डाळही दडदडीत राहते, म्हणून कांदा आधी पूर्ण परतून घ्यायचा. आणि कच्ची चिंच जशी आपण शेवटी ओतत नाही, तशी वाईनही शेवटी ओतायची नाही. ती आटायला पाहिजे.

करायचं असं. धाराशिवकडच्या उस्मानाबादी शेळीचं मटण मिळालं तर उत्तम, तुमच्याकडं ते सहज मिळेल. तुकडे कापडानं कोरडे करून मीठ लावा. तीन मोठे कांदे तेलात चांगले लाल करून काढून ठेवा. त्याच तेलात मटण थोडं थोडं टाकून खरपूस करा. सगळं एकदम टाकलं तर पाणी सुटतं आणि रंग येत नाही. तळाशी जो तपकिरी थर धरतो, त्यातच सगळी चव असते. त्यावर १५० मिली शिराझ ओता आणि उलथन्यानं तो थर खरवडून घ्या. झाकण न ठेवता वाईन निम्म्याहून कमी होऊ द्या. नाकाला झोंबणारा वास गेला आणि फळासारखा वास यायला लागला की झालं. मग कांदा परत घाला, ठेचलेला लसूण, जाडसर कुटलेली मिरी, तमालपत्र, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर हळद आणि बेताचं गरम पाणी. झाकण अर्धं उघडं ठेवून दीड तास मंद आच. नाशिकच्या शिराझला मुळातच मिरीसारखा वास असतो, म्हणून मिरीचा हात जरा सढळ ठेवा. शेवटी चव बघा, आंबट वाटलं तर गुळाचा लहानसा खडा.

फ्रान्सच्या बर्गंडीत असंच बीफ करतात, त्यात अख्खी बाटली जाते. पण तिथं मिरच्या-मसाला नसतो, वाईन हाच मसाला. आपल्याला एवढी लागत नाही.

कुकर लावायचाच असेल तर वाईन उघड्यावर आटवून झाल्यावर लावा.

पितळी पातेल्याला कल्हई असेल तरच वापरा. नसेल तर स्टीलचं जाड बुडाचं घ्या. आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो, हे तुम्हाला माहीत असेलच. लोखंडी कढईत आणि ॲल्युमिनियममध्येही वाईन नको. लोखंडात रंग काळा पडतो आणि चवीला धातू लागतो.

गोडाचं आणि पिण्याचं रात्री लिहितो. आत्ता एका साखरपुड्याची भाजी चिरायला घ्यायचीय.

खुलताबादी

ताई, तुमचं "कुणाला फसवून खाऊ घालायचं नाही" हे वाक्य फार आवडलं. आमच्या घरी वाईन चालत नाही, उकळलेली असो की आटवलेली. तक्त्यात ५ टक्के असो नाहीतर शून्य असो. पण लग्नाच्या, ऑफिसच्या जेवणांत हे कुणी सांगत नाही आणि विचारलं तर "अहो, उडून गेलं ते" असं उत्तर मिळतं. यजमानानं आधी सांगितलं की आम्ही दुसऱ्या पदार्थाकडं वळतो, कुणाचं मन दुखावत नाही. आचारी दादांनी हे स्पष्ट लिहिलं, त्यांचे आभार.

बाकी वाईनशिवाय मटण किती खोल चवीचं होतं ते पाहायचं असेल तर एकदा इकडं येऊन नान कलिया खा. तुघलकानं १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, तेव्हा लष्कराच्या मुदपाकात हा पदार्थ रुजला असं आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मोठ्या देगीत, मंद आचेवर, तासन्‌तास. वर लाल तर्री.

लातूरकरीण

आचारी दादा, एवढं बैजवार कुणी सांगितलं नव्हतं. पातेल्याला कल्हई मागच्याच महिन्यात केलीय. दिराला फोन लावला, एक मित्र खरंच त्या गोळ्या घ्यायलाय. बरं झालं विचारलं. त्याच्यासाठी साधा रस्सा वेगळा करणार.

खुलताबादी दादा, नान कलिया खायला नक्की येऊ.

गोडाची वाट बघायलेय. सासूबाईंना आजच सांगितलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तुमचं करा, माझ्या पातेल्याला लावू नका म्हणजे झालं.

आचारी_सिडको

आता गोड.

खिरीत, बासुंदीत वाईन घालू नका. वाईनच्या आंबटपणानं गरम दूध फाटतं. साय किंवा क्रीम घालायचं असेल तर वाईन आधी आटवायची आणि क्रीम अगदी शेवटी, मंद आचेवर. सीताफळाचा गरही वाईनबरोबर शिजवायचा नाही, कारण सीताफळ तापवलं की कडू होतं, मग ते बीडचं असो की दौलताबादच्या घाटातलं. त्या गराची थंड रबडी करा. दूध आटवून पूर्ण गार झाल्यावर गर मिसळा. ती सासूबाईंना आणि लेकराला चालेल.

वाईनचं गोड करायचं ते फळाचं. चार कडक नाशपाती सोला, देठ राहू द्या. ३५० मिली शिराझ, तेवढंच पाणी, १५० ग्रॅम साखर, दालचिनी, चार लवंगा आणि मोसंबीच्या सालीचे दोन पट्टे. सालीचा पांढरा भाग घेऊ नका, तो कडवट असतो. पाक उकळला की नाशपाती बुडवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं ठेवा. सुरी सहज आत गेली की बंद करा. मग रात्रभर त्याच पाकात राहू द्या. ताजी काढली तर रंग नुसता वरवर असतो, दुसऱ्या दिवशी तो गडद होऊन आतपर्यंत उतरतो. म्हणून हे शनिवारीच करून ठेवा. रविवारी फळं काढून उरलेला पाक मधासारखा होईपर्यंत आटवा. कुंथलगिरीचा खवा मिळत असेल तर थोडी साखर घालून मोकळा करा आणि फळाशेजारी वाढा. आंबट-तुरट पाक आणि खव्याचा दाटपणा एकमेकांना फार छान धरतात. हॉटेलात आम्ही यावर आइस्क्रीम वाढायचो, पण मला विचाराल तर खवाच बरा.

नाशपाती चांगल्या मिळाल्या नाहीत तर अर्धवट पिकलेले पेरू चालतील. बिया काढून फोडी करा आणि दहा-बारा मिनिटांतच उतरवा. पिकलेला पेरू विरघळतो.

आता पांढरी. लेट हार्वेस्ट म्हणजे द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून काढलेली. त्यांच्यातली साखर वाढते आणि सगळ्या साखरेचं अल्कोहोल होत नाही, म्हणून ही वाईन गोड लागते. ही मटणात, मशरूममध्ये किंवा माशात घालू नका. जायकवाडीची मरळ पांढऱ्या वाईनमध्ये करायची असेल तर सोव्हिनियाँ ब्लाँसारखी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाईन आणावी लागेल. तुमच्या बाटलीत बेदाणे भिजवा. १०० ग्रॅम बेदाण्यांवर कोमट केलेली १०० मिली वाईन घालून रात्रभर झाकून ठेवा, सकाळी टपोरे होतात. रव्याचा शिरा तुपात नेहमीसारखा करा, वेलदोडा कमी घाला आणि उतरवताना हे बेदाणे मिसळा. पण लक्षात घ्या, यात आच लागत नाही. रात्रभर नुसतं भिजत ठेवलं तर सुमारे ७० टक्के अल्कोहोल तसंच राहतं. हा शिरा फक्त मोठ्यांचा. दुसरा घाणा मोसंबीच्या रसात भिजवलेल्या बेदाण्यांचा करा आणि भांडी वेगवेगळी ठेवा, चमचाही वेगळा.

अंडं चालत असेल तर इटलीतला झाबायोने पण होईल. तिथं तो सिसिलीच्या मार्साला वाईनमध्ये करतात. चार पिवळे बलक, चार मोठे चमचे साखर, १०० मिली गोड वाईन. भांडं गरम पाण्याच्या वाफेवर धरायचं आणि सतत फेटायचं. आठ-दहा मिनिटांत फेसाळ, दाट होतो. पाणी खळखळ उकळत असेल तर बलक गोठतो. लगेच खायचा, ठेवला की पाणी सुटतं.

पिण्याचं. शेतात संध्याकाळी गारठा असेल तर गरम मसाल्याची वाईन करता येईल. आधी वाटीभर पाण्यात गूळ, दालचिनी, लवंग, सुंठ उकळून घ्या, मग उरलेली शिराझ ओता आणि फक्त वाफ येईपर्यंत तापवा. उकळी नको, उकळली की तुरटपणा वर येतो आणि फळाचा वास जातो. दुपारी प्यायची असेल तर स्पॅनिश सांग्रियासारखी थंड करा. लाल वाईनमध्ये मोसंबीच्या सोललेल्या फोडी आणि डाळिंबाचे दाणे घालून तीन-चार तास फ्रीजमध्ये ठेवायचं आणि देताना सोडा. मोसंबीचा रस काढून ठेवू नका, तो थोड्या वेळानं कडू होतो. पण बाटली एकच आहे. मटण आणि नाशपाती मिळून ५०० मिली जातील, उरतील २५० मिली. दोन्ही पेयांच्या नादी लागू नका, एकच करा. आणि ज्यांना रात्री गाडी चालवत लातूरला परतायचंय, त्यांना ते देऊ नका.

कडवंचीचा_बागायतदार

आमचा द्राक्षबाग आहे, जालना तालुक्यात. शेततळ्याच्या पाण्यावर उभा केलेला. ज्यांना वाईन चालत नाही त्यांच्यासाठी एक सांगतो, सध्या हंगाम आहे म्हणून.

आमची द्राक्षं खायची, थॉमसन, सोनाका, शरद सीडलेस. वाईनची वेगळी असतात. मणी लहान, साल जाड, आत बी, आणि गोडी जास्त. खायचं द्राक्ष साधारण १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढतो, वाईनचं २२ ते २४ पर्यंत नेतात. म्हणून खायच्या द्राक्षाच्या नुसत्या रसाला वाईनची चव येत नाही, तो फक्त गोड लागतो. पण काळं शरद घ्या, सालीसकट ठेचा, मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजवा आणि मग गाळा. रंग आणि तुरटपणा दोन्ही सालीतून उतरतात. अर्धा लिटर रस निम्मा आटवून एक मोठा चमचा साधं व्हिनेगर टाकलं की मटणाला, नाशपातीला छान बसतो. त्यात नाशपाती करताना साखर निम्म्यावर आणा. माझी आई पण माळकरी आहे, तिला हे चालतं.

आचारी_सिडको

बागायतदार साहेब, सालीसकट शिजवायचं हे फार नेमकं सांगितलंत. ताई, व्हिनेगर आधी थोडं घाला आणि चव बघत वाढवा, बाजारातलं पांढरं व्हिनेगर फार तिखट असतं.

लातूरकरीण

मग असं ठरलं. सुकं मटण शिराझमध्ये, सोबत साधा काळा रस्सा. नाशपाती दोन पातेल्यांत, एकात वाईन, एकात काळ्या द्राक्षाचा रस. सीताफळाची रबडी सगळ्यांना. शिऱ्याचे दोन घाणे मला एकटीला झेपायचे नाहीत, तो पुढच्या वेळी. गरम वाईन दीर करणार, तेवढं काम त्याच्याकडं. कुठल्या पातेल्यात वाईन आहे ते कागदावर लिहून प्रत्येकाच्या झाकणावर चिकटवणार आहे.

एकच राहिलं दादा. पांढरी बाटली उघडावी का? उघडली तर किती दिवस टिकेल?

आचारी_सिडको

रविवारी लागणार नसेल तर उघडू नका. आडवी-उभी कशीही ठेवा, पण उन्हात किंवा गॅसजवळच्या फळीवर नको. लातूरचा उन्हाळा सुरू व्हायच्या आत संपवा. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवली तर स्वयंपाकासाठी आठवडाभर चालते. त्याहून जास्त ठेवायची असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून फ्रीजरला ठेवा. खडे पाण्याच्या बर्फाइतके टणक होत नाहीत, पण निघतात. सुटले की पिशवीत भरून वर नाव लिहा, नाहीतर लेकरू सरबतात टाकेल. एक खडा साधारण दोन मोठे चमचे होतो, तुमचा ट्रे एकदा मोजून घ्या, म्हणजे पुढं मापाला सोपं जाईल.